एकच पोट

सन २०४४. त्या वर्षी माघात शिरवेलच्या रापणीला मनगटी पट्टे आले आणि आश्विनात गेले. सगळे मिळून नऊ महिने. पण उज्ज्वला केळुसकरला विचारलं तर ती सांगे, आपल्या बासष्ट वर्षांत इतके लांब नऊ महिने दुसरे नाहीत. पोटात ईश्वरी होती तेव्हाचेसुद्धा नाहीत.

शिरवेल हे मालवणच्या उत्तरेचं लहानसं गाव. गावाला एक देऊळ, एक शाळा आणि एक रापण. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते अर्ध्या चंद्रासारखं समुद्रात टाकत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगा करून ते ओढतात. उज्ज्वलाच्या लहानपणी एकेका दोराला चाळीस-चाळीस माणसं असत. सगळ्यांत पुढे छातीएवढ्या पाण्यात तरणे गडी, मधे बायका, आणि शेपटाला म्हातारी माणसं नि पोरं. शेपटाकडची माणसं ओढत किती आणि नुसती धरून उभी राहत किती, हे कुणी बघत नसे. मासळी वाळूवर आली की तिचे वाटे पडत. आणि वाट्याचा नियम एकच होता: दोराला ज्याचा हात लागला त्याचा वाटा. एकदा टपाल घेऊन आलेल्या पोस्टमनने सायकल माडाला टेकवली आणि गंमत म्हणून दहा पावलं दोर ओढला. जाताना त्याच्या सायकलच्या दांड्याला चार बांगडे लटकत होते. खाकी कपड्यांना वास लागेल म्हणून तो नको नको म्हणत होता, पण त्याला तसं सोडायला कुणी तयार नव्हतं. हे उज्ज्वलाने सात वर्षांची असताना पाहिलं होतं, आणि ते बांगडे तिला अजून दिसत.

२०४४पर्यंत दोन्ही दोरांना मिळून त्रेचाळीस माणसं उरली होती. मोठ्या यांत्रिक नौका बाहेरच मासळी उपसत आणि तरणी पोरं शहरात जात. तशात उज्ज्वलाची ईश्वरी परत आली, आणि तिच्याबरोबर पट्टे आले.

ईश्वरी समुद्री जीवांवर शिकली होती. आठ वर्षं तिने एकाच प्राण्याचा पिच्छा पुरवला: सायफोनोफोर. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात आणि त्यांच्या दोऱ्यांना पाय लागला की माणूस तळमळतो, ते याच जातीचे. बघणाऱ्याला वाटतं की हा एक प्राणी आहे. प्रत्यक्षात ती वसाहत असते. एका अंड्यातून एक जीव निघतो, त्याला कळ्या फुटत जातात, आणि प्रत्येक कळीचा वेगळा जीव होतो. पण कुणीच सुटा होत नाही. एक फुगा होऊन तरंगतो. काही नुसते डंख मारतात, काही नुसते पचवतात, काही नुसती पिल्लं घालतात. त्यांच्या खोल पाण्यातल्या भाऊबंदांत तर काहींचं काम फक्त पोहण्याचं असतं. मेंदू कुणालाच नाही. हुकूम देणारा कुणी नाही. तरी चाळीस मीटर लांबीची वसाहत एका जिवासारखी वळते, कारण प्रत्येक जण आपल्या शेजाऱ्याची खबर घेतो आणि पुढच्या शेजाऱ्याला देतो.

ईश्वरीने तोच कायदा माणसांच्या मनगटावर बांधला. पट्टा नाडी बघे, स्नायूंचा ताण बघे, घामातून थकवा ओळखे. दोरात बारीक तारा विणल्या होत्या. त्यातून एकाचा पट्टा शेजारच्या दोघांच्या पट्ट्यांशी बोले. मधे मोठा संगणक नव्हता. हिरवा दिवा लागला की ओढा, पिवळा लागला की धरून ठेवा, निळा लागला की सोडून पुढे या. एवढंच.

पहिल्या दिवशी त्रेचाळीस माणसांनी ऐंशींसारखी रापण ओढली. अडीच तासांचं काम सव्वा तासात झालं. उज्ज्वला वाळूवर बसून हसत सुटली होती.

"गो निमा," ती शेजारणीला म्हणाली, "माझ्या चेडवाचा डोक्या बघलंस मगो?"

निमा मेस्त ही तिच्या बरोबरीची. तिचा नवरा वीस वर्षांपूर्वी होडीसकट गेला, तेव्हापासून दोरावर तिची जागा उज्ज्वलाच्या डाव्या हाताला. ती म्हणाली, "बघलंय. बापाशीवर गेला. तुझ्यावर गेला असता तर आमी अजून पाण्यात आसतव."

हसले नाहीत ते एक बाबलआबा. चौऱ्याहत्तर वर्षांचे बाबल सारंग रापणीचे हाकारे होते. त्यांच्या हाळीवर दोर चाले: लांब "होऽऽ" म्हणजे ओढा, तुटक "हो-हो" म्हणजे थांबा. पन्नास वर्षं त्या आवाजाने गाव ओढलं होतं. आता ते नुसते उभे होते, सवयीने तोंड उघडत होते आणि मिटत होते.

ईश्वरी जिच्यात नोकरीला होती त्या पट्टे आणणाऱ्या कंपनीला गावात बर्फवाली कंपनी म्हणत, कारण पट्ट्यांच्या आधी तिचा बर्फाचा ट्रक आला होता. ट्रक रोज यायचा आणि सगळी मासळी चांगल्या भावाने उचलायचा. करारात एक कलम होतं: ज्याच्या पट्ट्याने काम नोंदवलं, त्याला वाटा. सगळ्यांनी सही केली. ओढणाऱ्याला वाटा, यात वाचण्यासारखं काय होतं?

हाळी थांबल्यावर बाबलआबाही पट्टा बांधून शेपटाला दोर धरू लागले होते; चौथ्या महिन्यात त्यांच्या मनगटावर राखाडी दिवा लागला.

राखाडी दिवा ईश्वरीनेच ठेवला होता. एखाद्याचा हात इतका कमी पडू लागला की शेजाऱ्याला त्याचं ओझं वाहावं लागतं, तर त्याला पट्टा सांगे: दोर सोडा, बाजूला व्हा. माणूस दमून पडू नये म्हणून ती सोय होती. पण आबांचा दिवा दुसऱ्या दिवशीही राखाडीच राहिला आणि तिसऱ्या दिवशीही. मग शेपटाकडच्या आणखी पाच जणांचा तसा झाला. आणि भाद्रपदात, पावसाळा सरून समुद्र उघडल्यावर पहिल्याच रापणीला, उज्ज्वलाचा. तिचा उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला होता. लेकीला तिने कधी सांगितलं नव्हतं. पट्ट्याने सांगितलं.

ती मुकाट्याने रांगेतून बाहेर आली. रिकाम्या हातांचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिने लुगड्याची वाळू झटकली. झटकायला वाळू नव्हती.

संध्याकाळी ईश्वरी घरी आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती.

"आये, खांद्याचा माका कित्याक सांगूक नाय?"

"तुझ्या यंत्राक सांगितलंय ना? तेना तुका सांगितल्यान. घरातल्या घरात झाला."

"तुका त्रास होवचो नाय म्हणान तो दिवो आसा."

"माका त्रास झालो की मी बसतंय. छप्पन वेळा बसलंय, परत उठलंय. तेका माझी वाट बघूक येता?"

ईश्वरी तिच्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "वाट्याची काळजी करू नको. मी मिळवतंय ना."

"ह्या बघ ईशू," उज्ज्वलाने सूप खाली ठेवलं. "तू माका जेवाक घालशीत, ता माका ठाऊक आसा. बाबलआबांक कोण घालतलो? आणि घातलान तरी ते खातले? पन्नास वर्सा वाट्याचा खाल्लला माणूस तो. तेका ताटात कोणी आणून दिलेला गिळाक जमाचा नाय."

त्यानंतर आठवडाभर घरात कामापुरतंच बोलणं झालं.

त्याच आठवड्यात वारा फिरला आणि निळे फुगे किनाऱ्याला लागले. सकाळी भरतीच्या रेषेवर शंभरेक तरी पडले होते. पोरांचे पाय भाजू नयेत म्हणून गावातल्या बायका ते काठीने उचलून खड्ड्यात पुरतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्यांचं. उज्ज्वला काठी घेऊन निघाली तेव्हा ईश्वरीही मागून आली. पाण्याच्या एका डबक्यात एक फुगा अजून जिवंत होता. त्याच्या खाली निळ्या दोऱ्या हलत होत्या आणि त्यांत बोटभर मासा अडकला होता.

दोघी उकिडव्या बसल्या. भांडण विसरून नव्हे, पण आठ वर्षं ज्याच्या मागे लेक गेली ते एकदा नीट बघावं असं उज्ज्वलाला वाटलं.

"हेतूर माणसा किती?" तिने विचारलं.

ईश्वरीला हसू आलं. "शंभर धरून चल."

"आणि ह्यो मासो खातलो कोण?"

"ती बघ, फुग्याच्या बुडाक पिशवेसारखी आसत, ती पोटा. ती माशाक चिकटतली आणि जिरवतली."

"आणि ह्यो फुगो? तेका तोंड खय आसा?"

"तेका तोंड नाय. डंख मारणाऱ्यांकय नाय. ते आपणान खावक शकनत नाय."

"मगे जगतत कशे?"

"आतून सगळ्यांची पोटा एकमेकांक जोडलेली आसत, आये. एकच नळी. एकान खाल्ल्यान तर ता सगळ्यांका पोचता." ईश्वरी शिकवण्याच्या भरात होती. "तोंड नसलेल्याकय. मोडलेल्याकय. नुसतो लटकान रवलेलो आसा तेकाय. वसाहत म्हणजे ताच गो, एकच पोट…"

आणि ती थांबली.

उज्ज्वला पुढे सरकली. काठीने तिने डबक्याभोवती वाळूचा बांध घातला, पाणी निसटू नये म्हणून. मग शांतपणे म्हणाली, "ता तुझ्या पट्ट्यात खय आसा?"

ईश्वरीने पुन्हा त्या फुग्याकडे बघितलं. कोण ओढेल, कोण थांबेल, कोण सुटेल हे सगळं तिने त्या प्राण्याकडून घेतलं होतं. सगळी कामं घेतली होती. पोट तेवढं राहिलं होतं. आठ वर्षांत ते तिच्या डोळ्यांसमोरून रोज गेलं होतं, पण कामाच्या वाटपात जेवण कसं मोडेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"आये, चुकी झाली," ती म्हणाली.

"झाली तर झाली. आता निस्तर."

दुसऱ्या दिवशी ईश्वरी कंपनीचं शिरवेलचं काम बघणाऱ्या रणदिवेकडे गेली. समीर रणदिवे पुण्याचा, पस्तिशीचा, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"राखाडी दिवा काढायचा आणि वाटा सगळ्यांना समान," तो म्हणाला. "म्हणजे आपण विकतोय काय नेमकं? दोर कसा ओढायचा हे ओढणाऱ्यांना माहीतच आहे. नवीन आहे ते एवढंच की कोण नको हे आपला पट्टा सांगतो. पुढच्या महिन्यात पाच किनाऱ्यांवरचे पाहुणे बघायला येतायत, ते त्याच्यासाठीच." मग तो स्वतःच उज्ज्वलाच्या घरी आला. "मावशी, त्या सात जणांना कंपनी दरमहा धान्य देईल. घरपोच. मी स्वतः बघीन."

"चाय घेवा," उज्ज्वला म्हणाली. त्याने चहा घेतला. मग ती म्हणाली, "साहेब, मी लंगडी असतंय तर धान्य घेतलंय असतंय. भुकेली असतंय तरी घेतलंय असतंय. मी रापणकार आसंय. माका दोर होयो."

"पण मावशी, तुमचा हात आता खरंच फारसं काही करत नाही. पट्टा खोटं सांगत नाही."

"तो खोटा सांगता असा मी खय म्हटलंय?"

रणदिवेने कप खाली ठेवला. 

पाहुणे आश्विनात आले. दक्षिणेकडून, गुजरातकडून, बारा-तेरा जण, पांढऱ्या टोप्या घालून खुर्च्यांवर बसले. हवा स्वच्छ होती. होडी जाळं टाकून आली आणि आत तारलीचा मोठा थवा आहे हे पाण्याच्या रंगावरूनच दिसत होतं. ट्रकवाल्याने जास्तीचा बर्फ मागवला. दोर ताणले गेले. छत्तीस मनगटांवर हिरवा दिवा लागला. ईश्वरी खुर्च्यांच्या बाजूला हातात पडद्याची पाटी घेऊन उभी होती. तिच्या पाटीवर दोरातला प्रत्येक हात ठिपक्यासारखा दिसे.

जाळं अर्ध्यावर आलं तेव्हा उज्ज्वला वाळूवरून चालत आली, निमाच्या उजव्या बाजूला आपल्या जागी उभी राहिली आणि दोर धरला.

तिचा पट्टा राखाडी झाला आणि कर्कश वाजू लागला. तिने पट्टा काढला नाही, दोरही सोडला नाही.

"मावशी," रणदिवे धावत आला, "प्लीज. आज नको."

"आजच," ती म्हणाली.

पट्ट्यांनी मग त्यांना शिकवलं होतं तेच केलं. खराब भाग दुरुस्त होत नसेल तर शेजाऱ्यांनी त्याच्यापासून सुटावं, हाही कायदा ईश्वरीने त्या प्राण्याकडूनच घेतला होता. निमाचा दिवा निळा झाला: सोडा, पुढे या. पलीकडच्याचा झाला. त्याच्या पलीकडच्याचा. सवयीने हात सुटत गेले. अकरा जण दोरावरून उतरले आणि शेपटाला एकटी उज्ज्वला उरली, धरलेल्या खांद्याची, आणि अख्खं जाळं समुद्राकडे परत खेचू लागलं.

निमाने आपल्या निळ्या दिव्याकडे बघितलं. मग तिने मनगट तोंडाशी नेलं, दातांनी पट्ट्याची कडी तोडली आणि ती पाण्यात थुंकली.

"काय गो," तिने दोर धरत विचारलं, "एकटीच वडतलस? एवढी मोठी कधी झालंस?"

"ये लवकर," उज्ज्वला दातओठ खात म्हणाली, "खांदो गेलो माझो."

दोर तरीही सरकत होता. तळहात सोलत होता. रणदिवेच्या डोळ्यांसमोर थवा, पाहुणे, ट्रक, सगळं निसटत होतं, तो ओरडला, "ईश्वरी, शेपटाचे सगळे बंद कर, पुढच्यांवर ताण वाढव." ईश्वरीने पाटीवरचे ठिपके पाहिले. शेपटाला एक राखाडी ठिपका होता आणि त्याच्याशेजारी काहीच नव्हतं, कारण निमा आता पाटीवर नव्हती. तिने पाटी वाळूत ठेवली, चपला काढल्या आणि आईच्या मागे जाऊन दोर धरला. शाळा सुटल्यापासून तिने तो धरला नव्हता.

आणि तेव्हा बाबलआबांनी हाळी दिली.

आवाज आधी फाटला. नऊ महिने न वापरलेला तो. दुसऱ्यांदा मात्र ती लांब "होऽऽ" पाण्यावरून पार होडीपर्यंत गेली. पुढच्या गड्यांनी माना वळवल्या. एकाने पट्टा काढून खिशात घातला. मग दुसऱ्याने. काहींनी काढला नाही, पण त्याच्याकडे बघणं सोडलं. राखाडी दिव्याचे बाकीचे पाच जण माडांखालून उठून आले. दोर एकदा जोराने निसटला तेव्हा समोर उभ्या असलेल्या रणदिवेने घाबरून तो दोन्ही हातांनी पकडला, आणि "हो-हो" येईपर्यंत त्याला सोडायचं सुचलं नाही. त्याचे बूट पाण्यात गेले.

ती रापण काही चांगली ओढली गेली नाही, हे सांगायला हवं. पट्ट्यांची सवय लागलेले हात हाळीवर उशिरा पडत. एक बाजू पुढे आली, जाळ्याचं तोंड तिरकं झालं, आणि त्या फटीतून थव्यातली अर्धीअधिक तारली चकाकत निघून गेली. पाहुणे उभे राहून ते बघत होते. मासळी वाळूवर आली तेव्हा ट्रकवाल्याने तोंड वाकडं केलं आणि ट्रक वळवला.

पण वाटे पडले. कितीतरी दिवसांनी ते किनाऱ्यावरच पडले. बाबलआबांचा. सहाही राखाडी हातांचा. अंथरुणावर असलेल्या एका म्हाताऱ्याचा, कारण तो गेल्या वर्षापर्यंत ओढत होता. ईश्वरीचा. आणि शेवटी निमाने दहा-बारा तारल्या माडाच्या झावळीत बांधल्या आणि त्या रणदिवेपुढे धरल्या.

"हे काय?"

"तुमचो वाटो. दोराक हात लागलो तुमचो."

"अहो, मी ओढत नव्हतो. मी नुसता धरला."

"ताच," निमा म्हणाली. "घेवा. तळून खावा. शिजवल्यात तर काटे गावतले."

त्याने ती झावळ घेतली. खारं पाणी त्याच्या बाहीतून गळत होतं.

पुढे काय झालं ते असं. बर्फवाल्या कंपनीने आठवड्यातच करार मोडला आणि ट्रक बंद केला. त्या वर्षी शिरवेलच्या बायकांनी मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन आठ मैलांवरचा बाजार गाठला. मधल्या काही महिन्यांत घरात भात आणि कढीच होती, आणि गावात दोन घरं अशी निघाली की त्यांनी उज्ज्वलाशी बोलणं टाकलं. एक घर वर्षाने बोलू लागलं. दुसरं अजून बोलत नाही. पट्टे पुढे तीन किनाऱ्यांवर गेले. तिथे मासळी भरपूर येते असं ऐकू येतं, आणि माणसं थोडी.

बाबलआबा आणखी दोन वर्षं हाळी देत राहिले. त्यांच्यानंतर ती निमा देते. बाईचा आवाज दोरावर कसा, म्हणून कुरकुर झाली. निमाने ती कुरकुर हाळीखाली बुडवली.

समीर रणदिवेची बदली झाली आणि बढतीही. दर भाद्रपदात, समुद्र उघडला की, त्याचा निरोप येतो: माझा वाटा ठेवलाय ना? एकदा तो बायकोमुलांना घेऊन आलाही होता. त्याच्या बायकोने दोर धरला. त्याने बूट काढून ठेवले मगच धरला.

ईश्वरीने नोकरी सोडली. तीन वर्षांनी तिने नवा पट्टा केला, मागच्या पडवीत बसून. त्यात राखाडी दिवा नाही. कुणी थकलं की त्याचा दिवा बदलत नाही. शेजारच्यांचे बदलतात, आणि ते दोघं जरा हळू ओढतात. मासळी कंपनीच्या पट्ट्यापेक्षा कमी येते. सात गावांनी तो घेतलाय. त्याला नाव काय द्यावं यावर खूप दिवस वाद झाला आणि शेवटी नाव दिलंच नाही.

आणि उज्ज्वला अजून दोराच्या शेपटाला उभी असते. सत्तरी उलटली आहे. उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही आणि डावा थरथरतो. परवा शहरातून एक बाई आली होती, हातात कॅमेरा घेऊन, जुन्या धंद्यांवर काहीतरी करायला. तिने विचारलं, "आजी, तुम्ही इथे नेमकं काय काम करता?"

उज्ज्वलाने दोर सोडला नाही. मानही वळवली नाही.

"मी धरून आसंय," ती म्हणाली. "तू कित्याक मोकळी उभी आसस? लाव हात."